पक्षी जाईपर्यंत

इंदूर, २४ जून

रुची,

वर 'जयभीम' लिहावं की 'नमस्कार', ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. लग्न झाल्यापासून तुझं-माझं याच एका शब्दावर अडलेलं आहे. आत्ता त्यात वेळ घालवायची माझी तयारी नाही.

परवा फोन मी कापला, नेटवर्क गेलं नव्हतं. "आई, मी सही केली," एवढं तू म्हणालीस आणि पुढचं मला ऐकायचं नव्हतं. नंतरचे तुझे फोन मी उचलले नाहीत, उचलणारही नाही. हल्ली कोणी बोललं तर ते माझ्यापर्यंत पोचत नाही, लिहिलेलं मात्र परत वाचता येतं. तुमच्या त्या दलदलीतल्या पक्षी-अभ्यासाच्या स्टेशनवर ईमेल येते म्हणालीस, तर हे वाच. मोबाइलवर एका बोटाने लिहितेय, चुका काढू नकोस.

मला जे कळलंय ते एकदा क्रमाने लिहिते. प्रशिक सकाळी घरट्यांच्या फेरीला गेला, रोज जायचा तसा, काठी आणि पिशवी घेऊन. तू स्टेशनवर होतीस. तो आला नाही. काठी आणि पिशवी त्या काळ्या डोहाच्या काठाला सापडली, तिथे शेवाळाची गादी तुटून पाणी उघडं पडलं होतं. हेलिकॉप्टर फिरलं, कुत्री आणली, पाणबुडे उतरले. पण त्या पाण्यात म्हणे माणसाला स्वतःचा हात दिसत नाही. आता शोधायचं तर मोठं मशीन आत न्यायचं, काठ कापायचा आणि डोह उपसायचा. मशीन जिथून जाणार तिथे सगळी घरटी आहेत. अभयारण्यवाल्यांनी विचारलं, पक्षी जाईपर्यंत थांबता का? आणि बायको म्हणून तू 'हो' लिहून सही केलीस.

बरोबर आहे ना एवढं?

जन्मभर मी गणित शिकवलं. उत्तर चुकलं की पोरांना सगळ्या पायऱ्या पुन्हा लिहायला लावायचे. इथे पायऱ्या सगळ्या बरोबर दिसतात आणि उत्तर मात्र मला मान्य नाही. माझा मुलगा पाण्यात आहे आणि काठावर चिड्या अंडी उबवतायत, म्हणून त्याला काढायचं नाही. लोक बसायला येतात आणि विचारतात, बॉडी कधी आणणार. मी सांगते, ऑगस्ट. मग ते चहा संपवतात आणि उठतात.

मी ठीक आहे. जेवते, झोपते, चांगली झोपते. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते तेव्हा ओला-सुका वेगळा करून खाली देऊन येते. रडू येत नाही. कचरूकाका मला जबरदस्ती पलासियाला डॉक्टरकडे घेऊन गेले, त्याने सुन्न राहायची गोळी लिहून दिली. मी म्हटलं, ते तर गोळीशिवाय झालंय, आणि चिठ्ठी त्याच्याच टेबलावर ठेवून आले.

हे कचरूकाका म्हणजे प्रशिकच्या बाबांचे धाकटे भाऊ, तू त्यांना फोटोतच पाहिलंयस. महूला असतात, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. थांबणं त्यांना माहीत नाही. तिथल्या पोलिसांनी मलाही मेल केलंय की आईने हरकत घेतली तर फेरविचार करू. काका म्हणतात, भाभी, आजच पाठवा. मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

आणि पाणी किती थंड आहे? त्याने निळा स्वेटर घातला होता का?


इंदूर, ३ जुलै

रुची,

तुझं मेल मिळालं. पाणी थंड आहे, स्वेटर घातला होता. ठीक.

बाकीचं मेल भरून तू त्या टिलव्यांबद्दल लिहिलंयस. मुठीत मावेल एवढा पक्षी, हिवाळ्यात आपल्या सिरपूरच्या तळ्यावर चिखलात टोचा मारत फिरतो आणि उन्हाळ्यात अंडी घालायला तुमच्याकडे येतो. मादी दोनदा अंडी घालते, एका घरट्यावर नर बसतो, दुसऱ्यावर ती, दोघं लांब लांब, एकमेकांकडे फिरकतही नाहीत. पक्षी एकदा उठला की अंडी गार होतात. हे सगळं मला माहीत आहे, बाई. प्रशिक सुट्टीला आला की पोह्याची प्लेट हातात धरून हेच सांगायचा, आणि मी म्हणायचे, खा आधी. तू मला हे का सांगतेस ते कळलं नाही. मतलब, कळलं, पण पटलं नाही.

आता दुसरं. तुझी आई आली होती.

दोनदा वाचू नकोस, बरोबरच वाचलंस. आनंदीबाई, स्वतः, जुनी इंदूरहून एकट्या. लग्नाला आल्या नाहीत, लग्नानंतर जावयाचं नाव घेतलं नाही, आणि त्या दिवशी दार उघडलं तर समोर उभ्या, हातात छत्री. मी या म्हटलं. बसल्या. मी पाणी दिलं. ग्लासकडे त्या बघत राहिल्या, मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग उचलला आणि सगळं पाणी प्यायल्या. पलीकडे कचरूकाका पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं नाही. तुझ्या बाबांना त्या इथे आल्याचं माहीत नाही, तेव्हा तूही लिहू नकोस.

आधी तुझंच विचारलं, ती जेवते का म्हणून. मी सांगितलं, मला माहीत नाही, आमचं बोलणं नाही. त्यावर त्या हळूच म्हणाल्या, आमचं तरी कुठे आहे.

उठायच्या वेळी त्यांनी विचारलं, "कावळ्याला भात ठेवलात का हो?"

आमच्यात ते नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी सांगत राहिल्या. देह मिळाला नाही तर दर्भाचा करतात, ते तुम्हाला चालणार नाही, पण निदान भात तरी ठेवा. कावळा शिवला म्हणजे माणूस सुटला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी अडलंय. एवढं त्या सांगेपर्यंत काकांनी पेपर खाली ठेवला होता. आवाज न चढवता ते म्हणाले की या घरात हे दीक्षेच्या वर्षी बंद झालं, त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बंद केलं, आणि मेलेला माणूस कावळ्यात येतो असं मानणाऱ्यांनीच जिवंत माणसाला पाणवठ्यावर येऊ दिलं नव्हतं. आनंदीबाईंनी मान खाली घातली. काका चुकीचं बोलले नाहीत. पण रिकामा ग्लास अजून त्या बाईच्या हातात होता.

त्या गेल्यावर काका माझ्यामागे लागले. विहारात सांगून ठेवतो, भंतेजींना बोलावू, त्याच्या नावाने पुण्यानुमोदन करून टाकू, घरात असं अधांतरी किती दिवस राहणार. मी म्हटलं, फोटोला हार घालायचा तर आधी माणूस दाखवा. काका म्हणाले, मग हरकत पाठवा. सुभेदार शेवटी सुभेदारच. पण बोलले ते खरं होतं.

हरकत मी काल पाठवली, रुची. काकांनी इंग्लिशमध्ये लिहून दिली, मी खाली नाव टाकलं. डोह लगेच उपसावा. पोलीस म्हणतात, पुढच्या आठवड्यात निर्णय कळवू. तुला त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.


इंदूर, ९ जुलै

रुची,

तुझं मेल वाचलं. त्याने जन्म घालवला त्या घरट्यांसाठी, आणि तुम्ही त्याच्याच नावाने त्यावरून मशीन चालवणार, असं तू लिहिलंयस. पिल्लं याच दिवसांत निघतात, आत्ता थांबलो नाही तर या वर्षीचं सगळं गेलं, असंही. शेवटी लिहिलंयस, 'आई, प्लीज.' याआधी तू मला प्लीज म्हटल्याचं आठवत नाही.

मला तुझा राग आलाय. इतर काही येत नाही, रडू नाही, भीती नाही, पण राग व्यवस्थित येतो. तुझ्या नवऱ्यापेक्षा तुला ती अंडी मोठी वाटली, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंय. लोक मान हलवतात. आपलेच दात, आपलेच ओठ, तरी सांगितलं.

आता जे लिहिणार आहे ते कचरूकाकांना माहीत नाही. कोणालाच नाही.

मी भात ठेवला.

कधी ठरवलं ते सांगता येणार नाही. हरकत पाठवायच्या आधीच एका सकाळी कुकर लावला, मूठभर भात जास्त झाला, आणि तो केळीच्या पानावर घेऊन मी छतावर गेले. केळीचं पान घरात होतं, याचा अर्थ आदल्या दिवशी मंडईत ते मीच घेतलं होतं. खोटं कशाला बोलू? वर थोडी सेव टाकली, त्याला भाताबरोबरही सेव लागायची. टाकीच्या कठड्यावर पान ठेवलं आणि दाराआड जाऊन उभी राहिले. आमच्या सासऱ्यांचं नाव घेतलं की महूला अजून लोक उठून उभे राहतात, आणि त्यांची सून दाराआड लपून कावळ्याची वाट बघत होती.

कावळा आला नाही, कबुतरं आली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. आपलं शहर सफाईवाल्या भिया लोकांनी इतकं घासूनपुसून ठेवलंय की कॉलनीत कावळ्याला खायला उरलंच काय? मला आठवतं तेवढ्यात या छतावर मी कावळा पाहिलेला नाही. चौथ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी, ते लक्ष्मीकांतजी, वर आले आणि म्हणाले, मॅडम, कबुतरांना दाणे टाकू नका, लोक कम्प्लेंट करतात. मी सॉरी म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून पान लवकर ठेवते, ते उठायच्या आत.

आणि आता ऐक, कारण हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसले. कावळा येत नाही याचं मला बरं वाटतं. रोज मी खाली येते आणि चहा नीट लागतो. तुझी आई म्हणाली होती, शिवला नाही म्हणजे त्याचं काही अडलंय. मी त्याचा अर्थ वेगळा लावला. शिवला नाही म्हणजे तो मेलाच नाही. काठी आणि पिशवी सापडली, तो सापडला नाही. दलदलीतून चालत कुठे गेला असेल, पाय मोडून कोण्या झोपडीत पडला असेल, डोक्याला लागून नाव विसरला असेल. डोह उपसू दे, तळ दिसू दे, तिथे काही नसेल. म्हणून मी हरकत घेतली. काकांना वाटतं मला माझा मुलगा परत हवा म्हणून घेतली. मला तो डोह रिकामा बघायचा आहे.

हे कुठलं गणित, ते मला विचारू नकोस. माझ्या वर्गात कोणी लिहिलं असतं तर मी वहीवर लाल रेघ मारली असती.


इंदूर, १४ जुलै

रुची,

आज कावळा आला.

रोजच्यासारखी दाराआड उभी होते. तो समोरच्या बिल्डिंगच्या डिश ॲन्टेनावर बसला, मान तिरकी करून पानाकडे बघितलं, आणि कठड्यावर उतरला. मी धावले. हो, धावले, या गुडघ्यांनी. पायातली चप्पल काढली आणि त्याला फेकून मारली. चप्पल टाकीच्या मागे पडली. कावळा उडाला, ॲन्टेनावर बसला. मी "हट, हट" करत हात हलवत उभी. खालच्या मजल्यावरच्या कोणाला तरी ऐकू गेलं असणार.

तो थांबला. मी दमले तशी तो पुन्हा उतरला आणि माझ्यासमोर पानात चोच घातली. आधी सेव खाल्ली.

मी तिथेच सिमेंटवर बसले. ऊन तापेपर्यंत बसले होते. कावळा केव्हाच गेला. रडू तेव्हाही आलं नाही, आणि हात माझ्या मांडीवर पडलेत हेही मला बघून कळत होतं.

त्या कावळ्याने मला काही सांगितलं नाही, हे नीट समजून घे. तुझ्या आईला सांगायला जाऊ नकोस की गिरिजाबाई फिरल्या. कावळा भुकेला होता, भात होता, खाल्ला. मला कळलं ते चपलेवरून. प्रशिक जिवंत आहे असं मला खरंच वाटत असतं, तर एका कावळ्याला मी कशाला घाबरले असते? आला असता, खाऊन गेला असता, मी हसले असते. मी चप्पल मारली म्हणजे मला माहीत होतं. काठी सापडल्याचा फोन आला त्या दिवसापासून माहीत होतं.

तो मेलाय, रुची. हे वाक्य मी पहिल्यांदा लिहिलं.

दुपारी पोलिसांना मेल केलं की हरकत मागे घेते. मग काकांना फोन केला. ते म्हणाले, "भाभी, मला वाटलं तुम्हाला घाई होती." मी म्हटलं, होती, आता नाही. मेलेल्या माणसाला कसली घाई? ज्यांची पिल्लं अंड्यात आहेत त्यांना घाई आहे. पक्षी जाऊ देत. त्याचं जन्माचं काम माझ्या सहीने का मोडू? भाताचं मी सांगितलं नाही, आणि कधी सांगणारही नाही.

राग अजून थोडा आहे. जाईल. तू बरोबर होतीस हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिलं.


इंदूर, २३ ऑगस्ट

रुची,

मधल्या दिवसांत तू रोज दोन ओळी लिहायचीस, मी एक लिहायचे, ते बरं चाललं होतं. या आठवड्यात तू गप्प, आणि तुझ्याऐवजी पोलिसांचं मेल आलं.

ते लिहितात, पक्षी गेले. टिलवे महिन्याच्या सुरुवातीलाच गेले, पिल्लंही त्यांच्यामागे. मशीन तयार आहे, माणसं तयार आहेत. पण त्याच्या बायकोची सही होत नाही. तू म्हणे त्यांना लिहिलंस की अजून वरच्या मुलखातून येणारे पक्षी त्या काठावर चार दिवस टेकायला उतरतात, ते जाईपर्यंत थांबा. पोलीस म्हणतात, ते जाईपर्यंत पाणी गोठायला लागेल आणि मग पुढच्या उन्हाळ्याशिवाय काही करता येणार नाही. आणि त्या पक्ष्यांना या कामाने काही होणार नाही, असं अभयारण्यवाल्यांनीच लिहून दिलंय. त्यांची घरटी तिथे नाहीत, ते शेजारच्या तळ्यावर उतरतील. हे तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं.

जूनमध्ये मी ज्याला त्याला सांगत सुटले होते की सुनेला नवऱ्यापेक्षा अंडी मोठी. आता वाटतं, अंडी होतीच, ती खरी होती, त्यांच्यासाठी थांबणं बरोबर होतं. पण त्या सहीत आणखी काहीतरी होतं ना? डोह बंद तोवर तो मेला नाही. तू पक्ष्यांच्या नावाने दोन महिने मागून घेतलेस. मला डोह रिकामा हवा होता, तुला तो बंद हवा होता. आपण दोघी भांडलो आणि दोघींना एकच गोष्ट नको होती.

स्टेशनवरच्या तुझ्या एका मैत्रिणीने मला सगळं कळवलं, तिच्यावर रागावू नकोस. तू रोज सकाळी त्याची फेरी घालतेस म्हणे. घरटी रिकामी झाली तरी जातेस. डोहाच्या काठाने जातेस आणि पाण्याकडे बघत नाहीस. जेवणाच्या टेबलावर त्याची थाळी मांडतेस आणि कोणी काढू लागलं तर चिडतेस. तुला हसणारी मी कोण? मी चप्पल फेकलेली बाई आहे.

तुझी आई आता दर गुरुवारी येते. काल तिला मी सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी जाऊ का पोरीकडे? आमचे दोघींचे पासपोर्ट नाहीत, व्हिसाचं तर नावच नको. काकांनी चौकशी केली, सगळं होईपर्यंत तिथे बर्फ पडलेला असेल. तेव्हा आमच्यातलं कोणीही येऊ शकत नाही. तू एकटीच आहेस. याला मी गोड शब्द शोधले, मिळाले नाहीत.

पोलीस म्हणतात, बायको करत नसेल तर आईची सही चालेल. काकांनी कागद तयारही केला. मी करणार नाही. घाबरून नाही. मी केली तर तू जन्मभर म्हणशील की आईने त्याला मारलं, आणि स्वतःच्या मनात तू त्याला त्या दलदलीत कुठेतरी चालत ठेवशील. मीही कितीतरी दिवस त्याला तसाच ठेवला होता. त्यात माणूस जेवतो, झोपतो, चहाही नीट लागतो, आणि आत काहीच उरत नाही. तू एकतीस वर्षांची आहेस. तुला असं राहू देणार नाही.

तेव्हा ही सही तूच करायची. पहिली करताना तू मला विचारलं नाहीस, ही मी स्वतःहून सांगतेय म्हणून कर. ज्या दिवशी काढतील त्या दिवशी तिथे उभी राहा. मागे होऊ नकोस, पाठ करू नकोस, बघ. घरचं माणूस कोणीतरी बघायला हवं आणि ते तू आहेस. त्रिसरण तुला येतं, लग्नात म्हटलं होतंस, मी व्हिडिओत पुन्हा बघितलंय, 'संघं' म्हणताना अडखळली होतीस. अडखळलीस तरी चालेल. काका म्हणाले, भंतेजींशिवाय कसं, मी म्हटलं, तिच्याइतका अधिकार कोणाचा?

वरच्या मुलखातले पक्षी उतरायला अजून वेळ आहे. तिथे आता उबवायला काही नाही, राखायला काही नाही. तू ज्याच्यासाठी थांबलीयस तो चालत येणार नाही.

सही कर, रुची. तो त्या डोहातच आहे, आणि त्याला थंडी वाजतेय असं मला अजून वाटतं. काढ त्याला.